गाडी टांगायची वस्तू नाही

आज एक फोटो बघितला आणि डोकं फिरलं. जुनी जावा 250 मोटारसायकल, मरून टाकी, बाजूचं क्रोम अजून चकचकीत. आणि ती भिंतीवर टांगलेली! वजन कमी व्हावं म्हणून इंजिन काढून टाकलंय म्हणे, आणि हेडलाइटमध्ये शोभेचा बल्ब. सगळे 'काय क्लास दिसतेय' म्हणतायत. कसला डोंबलाचा क्लास? पेंढा भरलेला वाघ आहे तो.

माझी जावा ज्या काकांकडून घेतली, त्यांनी किल्ली हातात देण्याआधी विचारलं होतं, "चालवणार ना रे? का झाकून ठेवणार?" माझ्याआधी एक जण जास्त पैसे घेऊन आला होता, पण त्याला ती दिवाणखान्यात ठेवायची होती. काकांनी त्याला दारातूनच परत पाठवलं.

मग त्यांनी मला शिकवायला घेतलं. गाडी मी आधीही चालवायचो हो, पण ही वेगळी. गिअरचाच दांडा आत दाबून फिरवला की त्याची किक होते. गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो, लिव्हर दाबली नाही तरी चालतं. 1946 च्या पेराक मॉडेलपासून जावात ही सोय आहे, आणि आपण आज कुठल्याशा नव्या गाडीत असलं काही आलं की तोंडात बोट घालतो! सिलिंडर एक, सायलेन्सर दोन. का, तर तसे ते सुंदर दिसतात. मला एवढं कारण पुरतं.

काकांनी सगळ्यात जास्त वेळा बजावलं ते उताराचं. "थ्रॉटल पूर्ण मिटून लांब उतार उतरायचा नाही. हिचं ऑइल पेट्रोलातूनच जातं. पेट्रोल तोडलंस की ऑइलही तुटलं, पिस्टन कोरडा पडतो. मधेमधे जरा थ्रॉटल द्यायचा." अजूनही उतार आला की माझं मनगट आपोआप हलतं. बरोबरच्यांना वाटतं मी उगाच शायनिंग मारतोय.

हल्ली 'रेट्रो' नावाच्या गाड्या निघाल्यात. गोल दिवा, टपोरी टाकी, आणि आत सगळं कॉम्प्युटरच्या ताब्यात. बटण दाबा, निघा. बरं, ब्रेक त्यांचेच चांगले, हे मान्य. आमचे ड्रम ब्रेक पावसात भिजले की देवाचं नाव घ्यावं लागतं. आणि धूर होतो, तोही मान्य. पुढे बोलू.

पॉइंट म्हणजे प्लगला ठिणगी कधी द्यायची ते ठरवणारे, उघडमीट करणारे दोन संपर्क. त्यांच्यातली फट 0.4 मिलीमीटर लागते. फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून, एक डोळा मिटून ती लावायची, आणि मग पहिल्याच किकला फट्‌फट्‌ सुरू झालं की जो काही आनंद होतो ना! शेजारी कुणी नसतं तेव्हा मी गाडीला शाबासकी देतो. हसा खुशाल. काकाही द्यायचे, टाकीवर दोन थापा. त्या दिवशी गाडी माझी झाल्यावरसुद्धा त्यांनी त्या दिल्याच, आणि मग स्वतःच ओशाळून प्लगचा पाना शोधायला आत गेले.

म्हणून चिडचिड होते. 'भंगार विकून टाक' म्हणणाऱ्यांचं मला काही वाटत नाही, त्यांना गाडी म्हणजे पोचायचं साधन, विषय संपला. राग येतो तो प्रेमाच्या नावाखाली इंजिन उपसून टाकणाऱ्यांचा. पैसा आहे, जागा आहे, मग एखादा मेकॅनिक बघा की! चालू करा तिला! महिन्यातून एकदा तरी रस्त्यावर काढा. रबरी सील उभ्या गाडीत वाळून जातात, टाकी आतून गंजते. वापरण्यापेक्षा न वापरल्याने ती जास्त मरते.

आणि हो, फोटोपुरती माझी गाडी मागायला कुणी येऊ नका. शिकायचं असेल तर मात्र जरूर या. जुने कपडे घालून या, आधी पॉइंट साफ करायला लावणार आहे. किल्लीचं नंतर बघू.