घोड्याचं रक्त, तुटके कण आणि आत्याचा फॉरवर्ड

आत्याचं घर रत्नागिरीजवळ. मागे कातळ आणि कातळावर फुरशी. आणि तिनेच काल घरच्या ग्रुपवर पाठवलं: 'सापाचं इंजेक्शन म्हणजे घोड्याचं रक्त. त्यातले कण तोडलेले, अर्धवट, म्हणून गुण येत नाही, उलट माणूस दगावतो. मुलांना अर्धाच डोस द्या. त्यापेक्षा आवळून बांधा, चिरा मारा, जखमेवर कोंबडी लावा.' खाली हात जोडलेले. हा विषय मी वर्गात शिकवते, डोकंच फिरलं.

घोड्याचं रक्त नाही. घोड्याला थोडं थोडं विष टोचतात, मग त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं, म्हणजे विषाला धरणारी प्रथिनं, वेगळी काढतात.

'तोडलेले' मात्र खरं आहे. पण मुद्दाम तोडलेले! प्रतिपिंड इंग्रजी वाय अक्षरासारखं. वरचे दोन हात विष पकडतात, खालचा पाय संरक्षक पेशींना आणि रक्तातल्या कॉम्प्लिमेंट नावाच्या, जंतू मारायला मदत करणाऱ्या प्रथिनांना हाक मारतो. जंतू मारायला ती हाक लागते. विषाला नुसतं धरून ठेवलं की पुरतं. तिथे घोड्याच्या प्रतिपिंडाच्या पायाने हाका मारल्या तर गोंधळच वाढणार. म्हणून पेप्सिन नावाच्या पाचक प्रथिनाने, आपल्या जठरात असतं तेच, तो पाय कापून टाकतात. उरतात एकमेकांना जोडलेले दोन हात, साधारण १,१०,००० डाल्टनचे (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप); अख्खं प्रतिपिंड १,५०,०००चं. पपईतल्या पपेनने कापलं तर हात सुटे होतात, ५०,०००चे, आणि मूत्रपिंडं ते भराभर बाहेर टाकतात, म्हणजे अंगात कमी वेळ टिकतात.

रिअ‍ॅक्शन येते? येते, कबूल. हातही शेवटी घोड्याचेच. अंगावर गांधी उठतात, कधी रक्तदाब कोसळतो. म्हणून तर ते दवाखान्यात द्यायचं, रिअ‍ॅक्शन आवरणारं अ‍ॅड्रिनलिन हाताशी ठेवून.

मुलांना अर्धा डोस? सापाने वय विचारून विष कमी सोडलेलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे: मुलांना मोठ्यांइतकाच डोस. आवळून बांधणं आणि चिरा यांनाही तिथे साफ नकार आहे.

चिरांचं तर ऐकवत नाही. फुरसं चावलं की रक्त गोठायचं थांबतं. दवाखान्यात दोन मिलिलिटर रक्त कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतात. नळी कलती केली की पाण्यासारखं वाहतं. अशा माणसाला ब्लेड लावायचं?

आत्याचा उलट मेसेज आला: 'मग कोंबडी लावायची की नाही?'

नाही गं. १०८ला फोन लाव.