सहा पृष्ठभाग, एक नाक

चष्म्याचा नंबर उणे साडेसहा असलेल्या माणसाने पायांना स्कीच्या फळ्या बांधून बर्फावरून घसरत जाऊ नये, असे कुठल्याही नियमावलीत लिहिलेले नाही, आणि म्युनिकमध्ये राहणाऱ्या माणसाला तशी पळवाट सापडणेही कठीण असते. डिसेंबर उजाडला, की कार्यालयातील मंडळी सोमवारी सकाळी तब्येतीची चौकशी करण्याऐवजी 'शनिवारी कुठल्या डोंगरावर होता' असे विचारू लागतात. लेंग्रीसकडे किंवा गार्मिशकडे जाणाऱ्या पहाटेच्या गाडीत उभे राहायला जागा नसते, कारण प्रत्येक प्रवाशाबरोबर त्याच्या उंचीच्या दोन फळ्याही प्रवास करीत असतात. आणि ज्याला आपण कालपरवापर्यंत कडेवर घेऊन फिरत होतो, तो मुलगा बालवाडीच्या स्की-शिबिरातून परत येऊन 'बाबा, तुला येतच नाही का?' असे विचारतो. त्याच्या स्वरात कुचेष्टा असती, तर सोसली असती. त्यात सहानुभूती होती.

स्की, बूट, काठ्या आणि हेल्मेट हे सारे डोंगराच्या पायथ्याशी भाड्याने मिळते. गॉगल, म्हणजे पट्ट्याने डोक्याला बांधायची ती मोठी बंद काच, मात्र बहुतेक जण स्वतःचा घेतात, आणि ज्याचे डोळे धड आहेत त्याला त्यासाठी फारसा वेळ लागत नाही: रंग आवडला, पट्टा ओढून पाहिला, पैसे दिले. चष्मेवाल्याला गॉगल शोधायचा नसतो. त्याला आपल्या चष्म्यासाठी जागा शोधायची असते. गॉगल हा घरमालक आणि चष्मा हा पोटभाडेकरू, दोघांचे एकमेकांशी क्षणभर पटत नाही, आणि दोघांचे भांडण चालते ते आपल्या नाकावर. चष्मा घरी ठेवून जावे, हा सल्ला देणारे लोक भेटतात, पण त्यांना नंबर नसतो. उणे साडेसहा म्हणजे डोळ्यांपासून सुमारे पंधरा सेंटिमीटरच्या पलीकडचे सारे जग पुसट. माझ्या स्कीची टोके त्याहून बरीच लांब असतात, आणि उतारावर उभा असलेला प्रशिक्षक कोणता आणि सूचिपर्णी झाड कोणते, हे मला त्यांच्यापैकी एकजण बोलल्याशिवाय समजत नाही.

दुकानात शिरलो, तेव्हा समोर एक अख्खी भिंत गॉगलांनी भरलेली होती. तेथील मुलगी अत्यंत सौजन्यशील होती, वयाने विशीतली होती, आणि तिला चष्मा नव्हता. तिने मला प्रथम प्रकाशाचे शास्त्र समजावून सांगितले. युरोपात स्की गॉगलच्या काचांचे ० ते ४ असे वर्ग केलेले आहेत: १ क्रमांकाच्या वर्गाची काच ४३ ते ८० टक्के प्रकाश आत सोडते आणि ती ढगाळ दिवसासाठी असते, दुसऱ्या वर्गाची १८ ते ४३ टक्के, ती अध्यात ना मध्यात, तिसरीतून केवळ ८ ते १८ टक्के प्रकाश येतो, ती लखलखीत उन्हासाठी, आणि चौथी इतकी काळी, की ती उंच हिमनद्यांवर जाणाऱ्यांनीच वापरावी. अतिनील किरण अडवणे तर सर्वांत महत्त्वाचे, कारण दर हजार मीटर उंचीमागे ते सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यांपैकी ८० टक्क्यांपर्यंत पुन्हा तोंडावर फेकतो. म्हणजे ऊन वरूनही लागते आणि खालूनही. एवढे सांगून तिने विचारले, 'तुम्ही साधारणतः कोणत्या प्रकाशात स्की करता?' मी साधारणतः आडव्या अवस्थेत असतो आणि त्या अवस्थेत प्रकाशाकडे लक्ष जात नाही, हे जर्मनमध्ये नेमके कसे सांगावे ते न सुचल्याने मी 'सगळ्या' असे उत्तर दिले.

मग तिने एक गॉगल हाती दिला आणि आरशाकडे बोट दाखवले. येथे चष्मेवाल्याची पहिली कोंडी होते. चष्मा काढून गॉगल घातला, तर आरशात नारिंगी कपाळाची एक धूसर आकृती दिसते, जी मी असण्याची शक्यता नाकारता येत नाही, इतकेच. चष्म्यासकट घालायला गेलो, तर तो चढतच नव्हता. चष्म्यावरून घालण्याजोगे म्हणून वेगळे गॉगल असतात, ही माहिती तेव्हा पुढे आली. त्यांची चौकट जास्त खोल असते, आणि दोन्ही बाजूंच्या फोममध्ये चष्म्याच्या काड्या जाण्यासाठी छोट्या खाचा ठेवलेल्या असतात.

खाचा असतात, हे खरे आहे. परंतु त्या गॉगल बनवणाऱ्याच्या मनातल्या चष्म्यासाठी असतात, आणि तो चष्मा फार लहान असतो. माझा चष्मा पुण्याचा. जर्मनीत चष्मा करायचा म्हणजे सुटीच्या प्रवासाइतका खर्च, म्हणून आमच्यासारखी बरीच मंडळी भारतवारीतच चष्मे उरकून घेतात. आणि गेल्या वारीत पुण्याच्या दुकानदाराने 'हल्ली सगळे हेच घेतात, साहेब' असे म्हणत चेहऱ्याचा निम्मा भाग व्यापणारी गोल, जाड कडांची फ्रेम माझ्या नाकावर बसवली होती. ती फ्रेम आता त्या गॉगलमध्ये जाऊ लागली. आधी उजवी काडी कानावरून उचलली गेली आणि खाच सोडून तिच्या वरच्या बाजूला, नेमकी कानशिलाच्या हाडावर, दबून बसली. डाव्या काडीने खाच पकडली, पण त्यामुळे चष्मा तिरका झाला. नाकावरच्या दोन गाद्या हाडात रुतल्या. मागचा पट्टा ताणला, तसा गॉगल आणखी आत आला, आणि 'टक्' असा बारीक आवाज होऊन चष्म्याची काच गॉगलच्या आतल्या काचेला टेकली. मुलीच्या चेहऱ्यावर प्रथमच काळजी दिसली, मात्र ती माझ्या नाकाबद्दल नव्हती; आतली काच मऊ प्लास्टिकची असते आणि तिच्यावर लगेच चरे पडतात, असे ती म्हणाली. काढतानाचा अनुभव याहून संक्षिप्त होता: गॉगल वर ओढला, त्याबरोबर चष्माही त्याच्या पोटात बसून गेला, आणि मी त्या दोघांना शोधत उभा राहिलो.

जागेचा प्रश्न मात्र दुय्यमच म्हणायचा. खरे वैर आहे ते वाफेशी, आणि वाफेचा कारखाना आपण स्वतःच असतो. उतारावर धडपडणारा माणूस घामाने निथळत असतो, त्याचा उष्ण, ओलसर श्वास आणि कपाळाचा घाम गॉगलच्या बंद पोकळीत साठतो, आणि तेथे जी काच दवबिंदूपेक्षा, म्हणजे वाफेचे पाणी होऊ लागते त्या तापमानापेक्षा, थंड असेल तिच्यावर जाऊन बसतो. गॉगलच्या एकेरी काचेवर तो तत्काळ बसत असे. १९६५ साली अमेरिकेतील बॉब स्मिथ या वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांनी दोन काचांमध्ये हवा सीलबंद करून आणि भोवती हवा खेळती ठेवणारा फोम लावून यावर तोडगा काढला. आतली काच त्यामुळे उबदार राहते, आणि तिच्यावर ओलावा शोषून घेणारा एक लेपही दिलेला असतो. डॉक्टरांविषयी मला आदर आहे. पण त्यांनी हिशोब डोळ्यांचा केला, चष्म्याचा नव्हे. दुहेरी काचेचे चार पृष्ठभाग आणि चष्म्याचे दोन, असे एकूण सहा. त्यांतले दोन सीलबंद हवेच्या पोटात सुरक्षित. तिसरा बाहेरचा, तो हातमोज्याने पुसता येतो. चौथ्यावर लेप आहे. उरले दोन, आणि ते माझे आहेत. वाफेला याची पूर्ण कल्पना असते.

यानंतर मला जे उपाय सुचवले गेले, त्यांपैकी एकानेही वाफ नाहीशी होत नाही. ती फक्त पत्ता बदलते. चष्म्याच्या काचांवर मारायचे फवारे आणि पुसायची फडकी मिळतात, आणि भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब पातळ चोळून ठेवण्याचा घरगुती प्रयोगही आहे. तिन्हींचा परिणाम पहिल्या चढापर्यंत टिकतो. बॅटरीवर चालणारा चिमुकला पंखा बसवलेले गॉगलही असतात, आणि तो पंखा काम करतो असे ते वापरणारे सांगतात. परंतु रात्री भ्रमणध्वनी, हातमोजे आणि गॉगल असे सगळेच चार्जिंगला लावावे लागणाऱ्या छंदाला व्यायाम म्हणावे का, हे मला ठरवता येईना. नंबरची वेगळी जोडी गॉगलच्या आत अडकवण्याचीही सोय असते. काड्या नाहीत, कानशिलांना त्रास नाही, म्हणून मी हरखलो होतो. पण ती जोडी पापण्यांच्या इतकी जवळ येते, की डोळे मिचकावले तरी काच पुसली जाते, कडेने दिसणारे जग वाकडे होते, आणि वाफेला बसायला पुन्हा दोन नवे पृष्ठभाग मिळतात. हेल्मेटलाच जोडलेली मोठी काच हा आल्प्समधल्या ज्येष्ठ चष्मेवाल्यांचा आवडता उपाय आहे, आणि तो मला मनापासून आवडला. पण मग हेल्मेटही विकत घ्यावे लागले असते, आणि त्याच्या किमतीची चिठ्ठी मी चष्मा काढूनही वाचू शकलो.

कॉन्टॅक्ट लेन्स लाव, असे तर सर्वांनीच सांगितले. तो सल्ला योग्य आहे, आणि तो पाळणाऱ्यांनी पुढचा मजकूर वाचण्याची गरज नाही. माझ्या बुबुळाला मात्र माझेच बोट जवळ येताना दिसले, की पापण्या दारे लावून घेतात, आणि त्या उघडाव्यात म्हणून मी केलेल्या विनंत्यांचा आजवर उपयोग झालेला नाही.

वास्तविक वाफेवर पूर्ण विजय मिळवलेला गॉगल शेकडो वर्षांपूर्वीच तयार झालेला आहे. उत्तर ध्रुवाजवळचे इन्युइट लोक हाड, लाकूड किंवा वॉलरस या सागरी प्राण्याचा सुळा कोरून त्याला एक अरुंद आडवी फट पाडत आणि तो डोळ्यांवर बांधत. त्याला काचच नसे. त्यामुळे धूसर व्हायलाही काही नसे. शिवाय अरुंद फटीतून पाहिले, की लघुदृष्टीच्या माणसालाही थोडे अधिक रेखीव दिसते. मी त्या मुलीला हा प्रकार मिळेल का असे विचारले, तेव्हा तिने संगणकात पाहिले आणि सध्या साठ्यात नाही असे सांगितले.

अखेरीस मी चष्म्यावरून घालण्याजोगा, दुसऱ्या वर्गाच्या काचेचा एक खोल गॉगल घेतला, आणि पुण्याची गोल फ्रेम बाजूला ठेवून कपाटात पडून असलेला जुना, अरुंद, पातळ काड्यांचा चष्मा बाहेर काढला. तो घातल्यावर मी दहा वर्षांपूर्वीच्या पारपत्रावरील छायाचित्रासारखा दिसतो, पण तो त्या खाचांत बसतो. चष्मेवाल्याने गॉगल घ्यायला जाताना आपला चष्मा, हेल्मेट आणि भरपूर वेळ बरोबर न्यावा, दुकानातच गॉगल चढवून काही वेळ इकडेतिकडे फिरावे, आणि कानशील ठणकू लागले तर रंग कितीही आवडलेला असो, तो गॉगल परत भिंतीवर टांगावा; एवढे मी अधिकारवाणीने सांगू शकतो.

डोंगरावरचे शिष्टाचार वेगळेच. गॉगल कपाळावर चढवून ठेवायचा नाही, कारण कपाळाची वाफ लगेच आत घर करते. आतली काच ओली झाली तर पुसायची नाही, लेप निघतो. गळपट्टा नाकावर ओढायचा नाही, कारण मग श्वास बाहेर जाण्याऐवजी वर चढतो. थोडक्यात, नाक गोठू द्यायचे आणि डोळे वाचवायचे. उतारावर सरकत असेपर्यंत झरोक्यांतून वारा जातो आणि सारे स्वच्छ दिसते. थांबलो, की पांढरे पडदे पडतात. म्हणून निष्णात लोक दृश्य पाहण्यासाठी थांबतात आणि मी दृश्य दिसावे म्हणून थांबत नाही. माझ्या या वेगाचे प्रशिक्षकाने एकदा कौतुक केले होते. दुपारी लाकडी उपाहारगृहात शिरताना गॉगल काढला, तर आतल्या उबेने चष्म्याच्या काचा त्याच क्षणी दुधाळ होतात, आणि हातात गरम सूपचे ताट घेतलेला माणूस तितक्याच आत्मविश्वासाने समोरून येत असतो. माझ्या एका सहकाऱ्याच्या काचा प्रकाशानुसार रंग बदलणाऱ्या आहेत. गॉगलच्या आत त्या पारदर्शकच राहतात, कारण अतिनील किरण बाहेरच अडतात. पण जेवायला जाताना गॉगल काढून तो दोन मिनिटे उन्हात रेंगाळला, की थंडीमुळे त्या अधिकच गडद होतात आणि लवकर निवळत नाहीत, आणि मग तो काळ्या काचांवर पांढरी वाफ घेऊन आमचे टेबल शोधत फिरतो.

गेल्या फेब्रुवारीत माझे मामा गुलमर्गला गेले. जाण्यापूर्वी त्यांनी फोनवर सहज चौकशी केली, आणि मी त्यांना प्रकाशाचे वर्ग, फोमच्या खाचा, दुहेरी काच आणि दवबिंदू हे सर्व क्रमाने समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. नंतर ते म्हणाले, 'अरे, पण माझी दोन्ही मोतीबिंदूची ऑपरेशन्स झाली ना. लांबचा चष्मा गेला माझा.' मामांनी तेथे हाती आला तो गॉगल भाड्याने घेतला, गोंडोल्याच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्याने थेट अफरवट डोंगरापर्यंत गेले, आणि तेथून पाठवलेल्या छायाचित्रात ते सत्तरीचे न दिसता सिनेमातले दिसत होते.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनात बसवतात तशी काच थेट डोळ्याच्या आत बसवली, की तिच्यावर वाफ धरण्याचा प्रश्नच उरत नाही, हे मला त्या दिवशी उमगले. पुढच्या तपासणीला गेलो, तेव्हा माझ्या मोतीबिंदूला साधारण किती अवकाश आहे, असे मी डॉक्टरीणबाईंना आडून विचारले. त्यांनी दोन्ही डोळ्यांत दिवा टाकून पाहिले, भिंगे अगदी स्वच्छ असल्याबद्दल माझे अभिनंदन केले, आणि अतिनील किरणांमुळे मोतीबिंदूचा धोका वाढतो, तेव्हा बर्फात जाताना चांगला गॉगल न विसरता वापरत जा, असे बजावले.