‘बिनधुराची’ शेकोटी घेण्याआधी

ऑक्टोबर लागला की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा: ‘स्मोकलेस फायर पिट (अंगणात ठेवायची स्टीलची बिनधुराची शेकोटी) घ्या. धूर अजिबात येत नाही, त्यामुळे मुलांच्या तब्येतीला धोका नाही. कुठलंही लाकूड चालतं. डेकवर (घरामागच्या फळ्यांच्या ओट्यावर) बिनधास्त ठेवा. धूरच नाही म्हटल्यावर बर्न बॅनही (उघड्यावर जाळण्याची सरकारी बंदी) लागू होत नाही. आणि मोठ्यात मोठा घ्या, ऊब जास्त मिळते.’ माझ्याकडे असा पिट तीन वर्षं आहे आणि तो मला मनापासून आवडतो. तरीही या मेसेजमधलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही, आणि काही तर धोक्याची आहेत.

आधी ‘धूर अजिबात नाही’ हे पाहू. या पिटला स्टीलच्या दोन भिंती असतात, मध्ये पोकळी. खालच्या भोकांतून शिरलेली हवा पोकळीतून वर चढताना तापते आणि काठाजवळच्या भोकांतून आतल्या धुरावर येते. धुरात न जळलेला वायू आणि कण असतात. गरम हवा मिळाली की त्यातलं बरंचसं पेट घेतं. आजी फुंकणीने फुंकायची आणि चुलीतल्या धुराचा भप्पकन जाळ व्हायचा, तसंच. पिट नीट तापला की काठाच्या भोकांपाशी गॅसच्या बर्नरसारख्या ज्योती ओळीने उभ्या राहतात. त्या दिसेपर्यंत, म्हणजे माझ्याकडे पहिली दहा-पंधरा मिनिटं, धूर होतोच. जाळ मंदावला की पुन्हा होतो. ओंडका काठाच्या वर डोकावत असेल तर त्या टोकाचा धूर ज्योतींना चुकवून सरळ तुमच्या तोंडावर येतो.

आणि डोळ्यांना दिसत नाही म्हणजे हवेत नाही, असं होत नाही. फुप्फुसात खोल जाणारे २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण आणि कार्बन मोनॉक्साइड कमी होतात, संपत नाहीत. घरातल्या लाकडी स्टोव्हने किती कण सोडावेत याचे ईपीएचे (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचे) नियम आहेत, २०१५ साली ते आणखी कडक झाले. अंगणातले फायर पिट त्या नियमांत येत नाहीत. खोक्यावरच्या ‘स्मोकलेस’ शब्दामागे त्या नियमांची कसलीही चाचणी नाही. आमच्या थोरलीला दमा आहे. एका संध्याकाळी धूर दिसत नव्हता म्हणून ती दोन तास अगदी शेजारी बसली आणि रात्री पंप घ्यावा लागला. तेव्हापासून ती वारा जिकडून येतो त्या बाजूला, लांब बसते. घरात कुणाला दम्याचा जास्त त्रास असेल तर सरळ प्रोपेन गॅसचा पिट घ्या, असंच मी सांगेन.

‘कुठलंही लाकूड चालतं’ हे वाक्य मात्र सगळं बिघडवतं. ओलं लाकूड आधी स्वतःतलं पाणी उकळण्यात आच खर्च करतं, भिंती तापतच नाहीत आणि महागडा पिट साध्या पिंपासारखा धुमसत राहतो. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा. पहिल्या वर्षी मी पेट्रोल पंपावरून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली मोळी आणली होती. दिसायला कोरडी ठणठणीत, पण पेटवल्यावर टोकांतून फेस येऊन सूं-सूं आवाज सुरू. दुसऱ्या दिवशी दोन टोकदार पिनांचा ओलावा मोजायचा मीटर घेतला, एक ओंडका फोडला आणि आतल्या ताज्या बाजूवर टोचला: ३१ टक्के. बाहेरच्या सालीवर टोचला असता तर वाचन फसवं आलं असतं. मीटर स्वस्त मिळतो. पिटच्या आधी तो घ्या.

जुन्या डेकच्या फळ्या तर मुळीच जाळू नका. २००३ अखेरपर्यंत घरगुती वापरासाठीच्या प्रेशर ट्रीटेड (कुजू नये म्हणून रसायन मुरवलेल्या) लाकडात सर्रास आर्सेनिक असे. ते धुरात आणि राखेत उतरतं. आवारातल्या फांद्यांना पॉयझन आयव्हीचा (अंगावर पुरळ उठवणारा) वेल गुंडाळलेला असेल तर त्याचा धूर फुप्फुसांना भाजून काढतो. लाकूड लांबून गाडीत घालूनही आणू नका. २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडलेला एमराल्ड अ‍ॅश बोरर हा अ‍ॅशची झाडं मारणारा किडा सरपणातून राज्याराज्यांत पसरला. २०१४ मध्ये तो आपल्या न्यू जर्सीतल्या ब्रिजवॉटरमध्ये सापडला.

बर्न बॅनचं म्हणणं साफ खोटं. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात हवेतल्या बारीक कणांसाठीचा ‘स्पेअर द एअर’ अलर्ट (खराब हवेचा इशारा) असताना लाकूड जाळणारं कुठलंही साधन पेटवायला बंदी असते, अंगणातला फायर पिटसुद्धा त्यात येतो. दुष्काळातली बंदी तर ठिणगीसाठी असते, धुराचा तिथे संबंधच नाही. २०२४च्या शरदात इथे पावसाने दडी मारली, नोव्हेंबरमध्ये जेनिंग्ज क्रीकचा वणवा पेटला, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्या दिवसांत बिनधुराच्या पिटमधून उडालेली ठिणगीही तितकीच घातक होती. आपल्या टाउनशिपच्या फायर ऑफिसला एक फोन करा, अंतराचे नियमही तिथेच कळतात.

डेकचं थोडक्यात: पिटचा तळ तापतो, कंपोझिट (लाकूड-प्लास्टिकच्या) फळ्या त्याने मऊ पडतात. स्टँड लावा, त्याखाली न जळणारी फरशी ठेवा. शक्य असेल तर पिट अंगणातच घ्या. निखारे राखेखाली दुसऱ्या दिवशीही जिवंत असतात, राख झाकणाच्या लोखंडी डब्यातच भरा.

राहिला आकार. दुहेरी भिंतीमुळे आच मुख्यतः वर जाते, पाय गारच राहतात. म्हणून तर कंपन्या आच बाजूला वळवणारी, वरून लावायची छत्री वेगळी विकतात. मोठ्या पिटमध्ये छोटा जाळ केला तर भिंती तापत नाहीत आणि धूर होतो. इथे विकत मिळणारा ओंडका साधारण १६ इंचांचा असतो. सोलो स्टोव्ह कंपनीचा रेंजर हा पिट १५ इंच रुंद आहे, त्यात तो आडवा मावत नाही. त्यांच्याच साडेएकोणीस इंचांच्या बॉनफायर पिटमध्ये मावतो. चार-पाच माणसांच्या घराला तेवढा पुरतो.

आत्ता पिटवर सेल आहे म्हणून घाई करू नका. आधी लाकूड फोडून, वरून झाकून, बाजू मोकळ्या ठेवून रचा. ओकला वर्ष-दीड वर्षही लागतं. मीटर २०च्या खाली आला की पिट मागवा.