टबात बसलेला तो माणूस बाप्तिस्मा घेत नाही

‘मध्ययुगीन युरोपात माणूस आयुष्यात एकदाच, बाप्तिस्म्याच्या वेळी अंघोळ करीत असे, चर्चने स्नानावर बंदी घातली होती, धर्मयुद्धांहून (पूर्वेकडील मुस्लिम प्रदेशांवरच्या ख्रिस्ती मोहिमांहून) परतलेल्या सैनिकांनी तिकडे अंघोळ नेली’ असा एक संदेश, पुराव्यादाखल जुन्या हस्तलिखितातले टबातल्या माणसाचे चित्र ‘बाप्तिस्मा’ म्हणून जोडून, सर्वत्र फिरतो आहे. वसईत शिकणाऱ्या माझ्या भाचीने तो वर्गातल्या ख्रिस्ती मैत्रिणीला वाचून दाखवला आणि आपल्या घरच्या, पाण्याने ख्रिस्ती धर्मात प्रवेश देणाऱ्या या संस्काराची टिंगल होते आहे, असे त्या मुलीला वाटले. वाटणारच.

सर्वांत हास्यास्पद आहे तो पुरावा. ते चित्र चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या ‘कोडेक्स मानेसे’ या झुरिकच्या काव्यसंग्रहातले असून हे हस्तलिखित आज हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. त्यात याकोब फॉन वार्टे हा कवी झाडाखाली लाकडी टबात बसला आहे, पाण्यावर फुले पसरली आहेत, एक स्त्री त्याला पुष्पमुकुट घालते आहे, दुसरी पेला देते आहे, तिसरी त्याचा हात चोळते आहे आणि एक दासी भात्याने विस्तव फुलवून पाणी तापवते आहे. धर्मगुरू नाही, पवित्र आत्म्याचे कबुतर नाही. मग हा बाप्तिस्मा कुठून झाला? खरा बाप्तिस्मा पाहायचा तर दहाव्या शतकातले, इंग्लंडमधले बिशप एथेलवोल्ड यांच्यासाठी तयार झालेले आशीर्वचनांचे हस्तलिखित पाहावे: येशू यार्देन नदीत उभा आहे, शेजारी त्याला बाप्तिस्मा देणारा योहान आहे, देवदूत आहेत आणि वरून कबुतर उतरते आहे. दोन्ही चित्रांत पाणी आणि उघडे शरीर आहे, एवढेच साम्य.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. काही चित्रकारांनी दोन्ही प्रतिमा मुद्दाम जवळ आणल्या. येशूच्या जन्माच्या चित्रांत सुइणी बाळाला न्हाऊ घालतात ते भांडे पुष्कळदा बाप्तिस्म्याच्या कुंडासारखे दिसते. पण त्या चित्रातही बाळाची अंघोळच चालली आहे.

‘एकदाच अंघोळ’ या विधानाला पॅरिसचा अधिकारी एत्येन बुआलो याने १२६८ च्या सुमारास नोंदवलेले व्यवसायांचे नियम पुरेसे उत्तर देतात. त्यांत स्नानगृहवाल्यांचे स्वतंत्र नियम आहेत: वाफेच्या स्नानाला दोन दनिये (तेव्हाची नाणी), टबातल्या अंघोळीसह चार, आणि उजाडण्यापूर्वी गिऱ्हाइकांना हाकारे घालायचे नाहीत. आयुष्यात एकदाच न्हाणाऱ्यांच्या शहरात अशा धंद्याला दरपत्रक कशाला लागले असते?

बंदीच्या दाव्यात अर्धे सत्य आहे. ख्रिस्तात एकदा धुतला गेलेल्याला पुन्हा न्हाण्याची गरज नाही, असे ख्रिस्ती धर्मपंडित संत जेरोम यांनी चौथ्या शतकात लिहिले खरे. पण ते एका विरक्ताला लिहिलेले पत्र आहे, जनतेला दिलेली आज्ञा नव्हे. मठजीवनाचे नियम घालून देणाऱ्या संत बेनेडिक्ट यांनीही मठातल्या आजाऱ्यांना हवे तितके स्नान दिले आणि निरोगी, विशेषतः तरुण भिक्षूंना कमी. त्याला संयम म्हणता येईल, बंदी नव्हे.

राहिली धर्मयुद्धे. पश्चिम युरोपाचा सम्राट शार्लमेन आजच्या जर्मनीतल्या आखेनच्या उष्ण झऱ्यांत पोहत असे आणि कधी कधी शंभरावर माणसे त्याच्यासोबत पाण्यात उतरत, असे त्याचा चरित्रकार आइनहार्ड सांगतो. शार्लमेन ८१४ मध्ये वारला. पहिल्या धर्मयुद्धाची हाक १०९५ मधली आहे.