‘नवा एसएमपीएस घालूनही बंद पडतोच’ : नेरुळच्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आज सकाळी ठाणे–वाशी लोकलमध्ये पुन्हा वाचली. दोन ओळींत भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

इतरांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगतो. मुलाचा कॉम्प्युटर गेम खेळताना खाडकन बंद पडतो. अशा बंद पडणाऱ्या मशीनवरचा माझा लेख वाचून तुम्ही 5,800 रुपयांचा 650 वॅटचा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला आतून वीज पुरवणारा डबा, आणलात. चार दिवस बरे गेले आणि परवा रात्री साडेनऊला पुन्हा तेच. दुरुस्तीवाला आता मदरबोर्ड बदला म्हणतोय. मी मशीन न बघता भाग बदलायला सांगतो, असा तुमचा राग आहे. शिवाय तुमचं टॅलीचं काम त्याच मशीनवर दिवसभर बिनबोभाट चालतं, म्हणजे दोष गेमचाच, आणि तो लिहायचं मी टाळलं, असंही तुम्ही म्हणता.

पहिली गोष्ट मला मान्य आहे. लेखात मी एसएमपीएस सगळ्यात वर घेतला होता आणि भिंतीतला सॉकेट, एक्स्टेंशन बोर्ड, यूपीएस हे पार शेवटी, दोन वाक्यांत. जे फुकटात तपासता येतं ते आधी यायला हवं होतं. लेख आज दुरुस्त केला आहे. त्या उलट्या क्रमामुळे तुमचे पैसे आधी गेले, याबद्दल मनापासून माफी मागतो.

आता तुमच्याच प्रतिक्रियेतलं एक वाक्य. तुम्ही जाता जाता लिहिलंय, ‘ट्यूबलाइट लुकलुकली, यूपीएस एकदा टीं वाजला आणि सगळं गप्प.’ काका, मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. एसएमपीएस किंवा मदरबोर्ड बिघडला असता तर यूपीएस वाजायचं कारण नव्हतं, आणि ट्यूबलाइट लुकलुकायचं तर मुळीच नाही.

हिशोब मांडून बघू. तुमचा यूपीएस 600 व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर; हा आकडा वॅटपेक्षा मोठा दिसतो). या आकाराचे घरगुती यूपीएस साधारण 360 वॅटचे असतात; मागच्या स्टिकरवर आकडा असतो, तो एकदा बघा. मुलाचं आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्ड पूर्ण जोरात 170 वॅट घेतं. रायझन 5 5600 प्रोसेसर 76 वॅटपर्यंत जातो. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून 40-45 धरा. झाले 290. एसएमपीएस स्वतः थोडी वीज उष्णतेत घालवतो, त्यामुळे भिंतीतून साधारण 340 वॅट खेचले जातात. त्यावर मॉनिटरचे 30. एकूण 370. शिवाय ग्राफिक्स कार्ड काही मिलिसेकंदांपुरतं आपल्या सरासरीच्या बरंच वर उसळी मारतं, ती वेगळीच. लाइट आहे तोवर हा यूपीएस मेनची वीज तशीच पुढे ढकलतो, म्हणून निभतं. व्होल्टेज पडलं की तो बॅटरीवर जातो, आणि तिथे 370 चा भार त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. एकदा टीं, मग अंधार.

रात्री साडेनऊलाच का? मे महिन्यात त्या वेळेला अख्ख्या बिल्डिंगचे एसी सुरू असतात. तुमच्या स्वतःच्या एसीचा कॉम्प्रेसर सुरू होतानाही क्षणभर व्होल्टेज दबतं.

आणि इथेच तुमच्या टॅलीच्या मुद्द्याचं उत्तर आहे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर साधारण 16-17 मिलिसेकंद आतल्या साठ्यावर तग धरतो. टॅली चालू असताना मशीन 60-70 वॅटवर असतं, त्यामुळे तोच साठा कितीतरी जास्त वेळ पुरतो. तोच झटका दुपारी तुम्ही काम करताना येऊन गेलेला असेल, तुम्हाला कळलंही नसेल. गेममध्ये मशीन पूर्ण भारावर असतं म्हणून ते सापडतं. गेम फक्त कच्चा दुवा उघडा पाडतो. मुलाला दोन दिवस ओरडलो असं तुम्ही लिहिलंय. त्याने काही बिघडवलेलं नाही, काका. एवढं त्याला सांगाच.

एक गोष्ट मला लेखातच सांगायला हवी होती. नव्या चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी नावाचा सर्किटचा भाग असतो. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर जी वीज देतो ती पायऱ्या-पायऱ्यांची असते, गुळगुळीत लहरीसारखी नसते. काही ॲक्टिव्ह पीएफसीवाल्या एसएमपीएसना ती पचत नाही आणि ते स्वतःला बंद करून घेतात. म्हणजे नवा भाग चांगला असूनही जुन्या यूपीएसशी त्याचं जमत नसेल, ही शक्यता आहे. म्हणून तो परत करू नका. 3060 कार्डावर जुना 450 वॅटचा लोकल एसएमपीएस मी तरी ठेवला नसता.

हे मी स्वतः भोगलंय. 2022 चा मे, वर्तकनगरमधली आमची जुनी इमारत, तिसरा मजला. मशीन असंच जायचं. मी रॅम बदलली, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलली, एका दुकानात आठवडाभर ठेवलं. तिथे चाललं, घरी आलं की पुन्हा बंद. शेवटी ओळखीच्या वायरमनने पीसीचा प्लग उपसला आणि माझ्यासमोर धरला. एका पिनेच्या मुळाशी प्लास्टिक बदामी झालं होतं, पिन निळसर-काळी, आणि नाकाजवळ नेली की जळक्या बेकेलाइटचा वास. सॉकेटमधली पितळी पाकळी सैल पडली होती, तिच्यामागे न्यूट्रलचा स्क्रूही अर्धा फिरत होता. भार जेमतेम दीड अँपिअरचा, पण सैल सांध्यात तेवढ्यानेही ठिणगी पडत राहते. सॉकेट बदलला आणि मशीन आजवर एकदाही गेलं नाही. दुकानात ते चालायचं, कारण दुकानातला सॉकेट घट्ट होता!

म्हणून आज रात्री एवढंच करा. मशीन यूपीएसवरून काढून थेट भिंतीतल्या घट्ट सॉकेटमध्ये लावा, मधे एक्स्टेंशन बोर्ड नको. टॅलीचा बॅकअप आधी घेऊन ठेवा. मग मुलाला तोच गेम तासभर खेळू द्या. बंद पडला नाही तर यूपीएसवरचा संशय आणखी पक्का. मोठा घ्यायचा झाला तर स्टिकरवरचे व्हीए बघू नका, वॅट बघा, आणि ते 600 च्या आसपास हवेत.

थेट भिंतीतूनही गेलाच, तर तो कसा जातो ते नीट बघा. पॉवर बटण दाबूनही उठत नसेल आणि एसएमपीएसच्या मागचा खटका बंद-चालू केल्यावरच उठत असेल, तर एसएमपीएसने संरक्षण म्हणून स्वतःला तोडलं आहे. मग आफ्टरबर्नर या ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये कार्डाची पॉवर लिमिट 80 टक्क्यांवर आणा, गेमच्या फ्रेम सेकंदाला 60 वर बांधा आणि पुन्हा खेळून बघा. बंद पडणं थांबलं तर भाराचाच मामला आहे. जाण्याआधी गेम अडखळत असेल, पंखे घोंघावत असतील, तर उष्णता. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये लॉग, म्हणजे आपोआप नोंद, सुरू करून ठेवा. मशीन गेलं तरी फाइल राहते, तिच्या शेवटच्या ओळी वाचा. प्रोसेसर 70-75 अंशांवर असेल तर काळजी नाही. 90 च्या आसपास असेल तर कॅबिनेट उघडा. खाडीकडच्या दमट हवेत धूळ हीटसिंकवर चिकटून नमद्यासारखी बसते, कोरड्या ब्रशने ती निघत नाही. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो वाऱ्याने भरधाव फिरून बेअरिंग जातं.

मदरबोर्डचं. दुरुस्तीवाल्याने इव्हेंट व्ह्यूअरमधली (विंडोजच्या नोंदवहीतली) ‘कर्नेल-पॉवर 41’ ही लाल नोंद दाखवून बोर्ड गेल्याचं सांगितलं, असं तुम्ही लिहिता. ती नोंद एवढंच सांगते, की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. आत्ता चालू मशीनचा प्लग उपसलात तरी तीच नोंद पडेल. तिच्या जोरावर 9,000 रुपये घालवू नका.

आणि एका गोष्टीने मला खरंच धास्ती वाटली. शेजाऱ्यांनी अर्थची पिन कापून बघा, नाहीतर जुना एसएमपीएस उघडून पंख्यात तेल घाला, असं सुचवल्याचं तुम्ही लिहिलंय. कृपा करून यातलं काहीही करू नका. एसएमपीएसमधल्या कपॅसिटरवर प्लग काढल्यानंतरही 300 व्होल्टच्या वरचा दाब उरलेला असू शकतो. आणि अर्थची पिन कापली, तर एखाद दिवशी कॅबिनेटच्या पत्र्यात करंट उतरेल आणि त्याला हात लागेल तो तुमच्या मुलाचा.

दुकानदारांसाठी मी भाग सुचवतो असं वाटत असेल, तर मी कुणाकडून पैसे घेत नाही, आणि दुरुस्त केलेल्या लेखात खरेदीचा विषय आता सगळ्यात शेवटी आहे.

यूपीएसच्या स्टिकरचा फोटो आणि आजच्या तासाभराचं काय झालं ते इथेच खाली टाका. लाइट लुकलुकली तर किती वाजता, तेही लिहा. मी रात्री अकरापर्यंत बघत असतो.