दहाचं नाणं आणि आबांचं भिंग

परवा अमळनेर बसस्टँडबाहेर चहावाल्यानं माझं दहाचं नाणं परत केलं. हातात दिलं नाही. ओल्या पत्र्यावर टाकलं आणि एका बोटानं माझ्याकडे सरकवलं. "हाई चालत नई भो." चहा पोटात गेलेला, धुळ्याची बस लागलेली, मोबाईलची बॅटरी दुपारीच संपलेली. खिशात उरली होती पाचशेची एक नोट, आणि ती बघून तर त्यानं मानच फिरवली.

नाणं खोटं नव्हतं. हे मी शांतपणे सांगितलं. रिझर्व्ह बँकेनं १७ जानेवारी २०१८ ला पत्रक काढलं, दहाच्या नाण्याचे तोवर १४ प्रकार निघाले होते आणि चौदाच्या चौदा खरे आहेत, हेही सांगितलं. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे हजार रुपयांपर्यंतचं देणं नाण्यांत देता येतं, हे जरा कमी शांतपणे सांगितलं. त्यानं पातेल्यात आलं ठेचून टाकलं.

"रिझर्व्ह बँक आठे चहा पेवाले येत नई."

यावर काय बोलणार? शिवाय माझं नाणं नेमकं २०१५ चं, योगदिनाचं. त्यावर एक माणूस डोक्यावर हात जोडून बसलाय. चहावाल्यानं ते गिऱ्हाइकांना दाखवलं. "हाऊ कोन शे, हात जोडी बठेल?" एक जण म्हणाला, उधारी मागतोय. सगळे हसले. मीही हसलो, म्हणजे दात दाखवले.

तेवढ्यात बाकड्यावरून कुणीतरी ओरडलं, "कडेनं धरा! कडेनं!"

लेंगा, सदरा, टोपी आणि गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. सगळे त्यांना आबा म्हणत होते. ते आले, खिशातून धुतलेला रुमाल काढला, हात पुसले आणि मग दोन बोटांच्या चिमटीत माझं नाणं कडेनं उचललं. बोटाच्या घामानं नाणं खराब होतं म्हणे. हेच नाणं अर्धा मिनिटापूर्वी चहाच्या ओघळात पोहत होतं, पण ते असो. मला वाटलं, चला, आपला साक्षीदार आला.

"नाणं खरं आहे," आबा म्हणाले. मी विजयी मुद्रेनं चहावाल्याकडे पाहिलं. "पण भिकार आहे."

आणि सुरू झाले. योगदिनाच्या या बोधचिन्हात तपकिरी पानं म्हणजे पृथ्वी, हिरवी पानं म्हणजे निसर्ग, निळ्या रंगालाही असाच अर्थ, मागचा सूर्य म्हणजे ऊर्जा. "आता मला सांगा, यात हिरवं कुठंय? निळं कुठंय?" नाणं त्यांनी माझ्या नाकासमोर धरलं. त्यात पिवळं होतं आणि पांढरं होतं. "रंगांत सांगितलेला अर्थ धातूवर ठोकायचा! कागदावरचं चित्र उचललं की झालं नाणं? साच्यात काय उठेल, दहा वर्षं खिशात घासल्यावर काय उरेल, याचा विचार नको?" १९६४ ला नेहरू गेले, त्याच वर्षी त्यांचं नाणं निघालं, स्वतंत्र भारताचं पहिलं स्मारक नाणं. आबांच्या मते तिथून पुढे उतारच.

"आबा, बस..." मी म्हणालो.

"थांबा, टांकसाळ बघू." भिंग डोळ्याला लागलं. सालाखाली पत्त्यांतल्यासारखी चौकट असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, टिंब असेल तर नोएडा. बराच वेळ गेला. चहावाला गाळणी हातात धरून उभा.

"काय दिसस?"

"काहीच नाही."

"मंग?"

"काहीच नाही म्हणजे कोलकाता! कोलकात्याची खूण नसते, हीच तिची खूण."

चहावाल्यानं गाळणी ठेवली, सगळ्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं. "देखा! आबाच म्हणी राह्यनात, यावर खरी खूणच नई!" माझी केस आबांच्या साक्षीनंच बुडाली.

आबांना त्याचं काही नव्हतं. ते संतांवर पोचले होते. १९९९ ला ज्ञानेश्वरांचं नाणं निघालं एक रुपयाचं, २००२ ला तुकोबांचं निघालं दोन रुपयांचं. "माउलीला एक आणि तुकोबाला दोन? हा भाव कुणी ठरवला?" बाकड्यावरचा एक माळकरी अस्वस्थ झाला. "आणि तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळाला हजार वर्षं झाली म्हणून २०१० ला हजार रुपयांचं नाणं! वर्षाला रुपया हा हिशेब असेल तर माउलीचे सातशे होतात!" माळकऱ्याला हे पटलं. तो आबांसाठी अर्धा चहा सांगून मोकळा झाला. माझ्या चहाचे पैसे अजून फिटायचे होते.

मग दोनाच्या नाण्यावर आडवी-उभी रेघ आणि चार टिंबं होती, ते. विविधतेत एकता म्हणून काढलं, लोकांना त्यात क्रूस दिसला, बोंबाबोंब झाली. २००७ ला त्याजागी नृत्यमुद्रा आली, दोन उभी बोटं. "शाळेत मास्तरांना दोन बोटं दाखवली की पोरगं कुठं पळायचं? ते चलनावर!" हे मात्र आबांचं मी मनात मान्य केलं. भरतनाट्यम पाहिलेली माणसं या देशात किती, आणि ती बोटं दाखवून वर्गाबाहेर पळालेली किती?

शेवटी मोबाईल निघाला. तडा गेलेल्या काचेवर एक सोन्याची मोहोर. "हे बघा! आपल्या खान्देशाचं स्मारक नाणं!" अकबरानं १६०१ ला असीरगड घेतला, खान्देशाचं नाव बदलून मुलाच्या, दानियालच्या, नावावरून दांदेश केलं आणि गड घेतल्याची आठवण म्हणून मोहोर पाडली. तिच्या या बाजूला शब्दांचा पसारा नाही, फक्त ससाणा. रुबाबात उभा. "आपल्याला हरवल्याचं नाणं आहे, तरी बघत राहावंसं वाटतं. याला म्हणतात नाणं!"

चहावाल्यानं वाकून पाहिलं. "पोपट शे का हाऊ?"

आबा दोन मिनिटं बोलले नाहीत. तेवढ्यात माझी बस गेली.

आता इतकं झाल्यावर राग कुणावर काढायचा? चहावाल्यावर काढून उपयोग नाही. गावात कुणी घेत नाही म्हणून तोही घेत नाही. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. २०२३ ला नव्या संसदेचं ७५ रुपयांचं नाणं निघालं. पस्तीस ग्रॅम वजन, निम्मी चांदी. आबांकडे आहे. त्यांच्या मते ते बिल्डरच्या जाहिरातीसारखं दिसतं, पण तो भाग सोडा. छापील किंमत ७५, विकत घ्यायला जावं तर कित्येक पटींनी महाग, वर मखमलीची डबी. त्याचा चहा पिता येत नाही. आणि ज्याचा चहा पिता यावा म्हणून काढलं ते कुणी हातात धरत नाही. मग ही नाणी नक्की कुणासाठी पाडतात? सोहळ्यात पडदा सरकवून नाणं दाखवणाऱ्यांनी कधी अमळनेरच्या स्टँडवर सुटे पैसे देऊन दाखवावेत. पाचाची फाटकी, चिकटपट्टी मारलेली नोट इथे चालते. धडधाकट नाणं चालत नाही.

हे मी आबांनाही ऐकवलं. ते म्हणाले, "मखमल हलकी आहे, रंग सोडते."

गर्दी वाढली तसा चहावाला कावला आणि त्यानं पाचशेची नोट मुकाट्यानं घेतली. नोटा मोजल्या, कमी पडल्या. मग त्यानं ओट्याखालून प्लास्टिकचा डबा काढला आणि माझ्या तळहातावर दहाची चार नाणी ठेवली.

"अरे! आता हे कसं चालतं?"

"लेवाले नई. देवाले चालस."

मी काही बोलणार, तोच आबांनी डबा पत्र्यावर उपडा केला. सगळी दहाचीच नाणी. घामाबिमाचं भान राहिलं नाही, दोन्ही हातांनी उपसायला लागले. तळाशी कुठलंसं एक सापडलं, जे त्यांच्याकडे नव्हतं. चहावाला म्हणाला, दहाची नोट द्या आणि न्या. आबांनी खिसे चाचपले, रुमाल निघाला, भिंग निघालं, मग माझ्याकडे पाहिलं.

ते दहा रुपये आबांकडून अजून येणं आहेत. आणि मी नोटच घेणार आहे.