पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, पण पाणीच गोठलं तर?

टोरांटोत ऑक्टोबर संपत आला की होड्या पाण्याबाहेर निघतात, आणि शिडाच्या होड्या चालवणाऱ्या आम्हा मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तो संदेश पुन्हा उगवतो. मूळ कुणाचा, कुणालाच ठाऊक नाही. सार असं: पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, तसंच सेलिंगचं. घरातला सराव म्हणजे मनाची समजूत. नियम पाण्यावर आपोआप कळतात. कॉम्प्युटरवरचं सेलिंग हा पोरखेळ. ताकद हवी तर जिमला जा. खरे खेळाडू हिवाळ्यात फ्लोरिडाला जातात. तेव्हा होडी झाका, कॉफी प्या, मे महिन्यात भेटू.

कॉफीबद्दल तक्रार नाही. बाकीचं एकेक करून पाहू.

‘घरातला सराव म्हणजे मनाची समजूत.’ यातलं खरं तेवढं आधी मान्य करते. लाट होडीखाली आली की सुकाणू किती हलवायचं, वाऱ्याचा झोत येतोय हे गालाला कसं कळतं, हे दिवाणखान्यात शिकता येत नाही. पण सेलिंग म्हणजे फक्त तेवढंच का? साधा टॅक घ्या, म्हणजे वाऱ्याच्या तोंडातून होडी वळवणं. मी लेझर ही एकट्याने चालवायची छोटी होडी चालवते (2019 पासून तिला अधिकृतपणे इल्का म्हणतात, पण जिभेवर अजून लेझरच). वळताना एका हातात टिलरचा, म्हणजे सुकाणू फिरवायचा दांडा, दुसऱ्या हातात शिडाचा दोर. बूमखाली (शिडाच्या तळाची आडवी काठी) वाकायचं, तोंड पुढे ठेवून पलीकडे जायचं, पाय पट्ट्यात अडकवून बसायचं. या क्षणी टिलरचा हात पाठीमागे असतो. तसंच पाठीमागे सुकाणू धरून होडी सरळ करायची आणि मगच हात बदलायचे. नवशिका घाईघाईने मध्येच हात बदलतो, दांडा सुटतो, होडी वाऱ्यात तोंड घालून थांबते.

पाण्यावर हे का सुटत नाही? कारण तिथे प्रत्येक टॅक वेगळा. वारा वेगळा, लाट वेगळी, शेजारून कुणीतरी ओरडतंय. चूक हाताची की वाऱ्याची हे कळायच्या आत पुढचा टॅक येतो. गालिच्यावर दोन उशा अडीच हातांवर ठेवायच्या, झाडूचा दांडा टिलर म्हणून घ्यायचा, दाराच्या कडीला दोर बांधायचा, की दहा मिनिटांत तीस टॅक होतात आणि तिसाव्यापर्यंत हात स्वतःच्या चालीने चालू लागतात. आईने व्हिडिओ कॉलवर हे एकदा पाहिलं. म्हणाली, “अगं, केर काढतेस की नाचतेस?” पण त्या मेमध्ये पहिल्याच दिवशी दांडा हातातून सुटला नाही. चार हंगामांत पाण्यावर जे जमलं नव्हतं, ते झाडूने केलं.

‘नियम पाण्यावर आपोआप कळतात.’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण पाण्यावर चुकीचे नियमही तितक्याच आपोआप कळतात. स्वतःचंच सांगते. वारा येतो त्या दिशेला वर चढत पहिल्या बॉयशी, म्हणजे वळायच्या तरंगत्या खुणेशी, आलं की मी पोर्टवर (वारा डावीकडून) असतानाही “रूम!”, म्हणजे जागा दे, म्हणून ओरडायचे. समोरच्या स्टारबोर्डवाल्यालाही (वारा उजवीकडून) नियम माहीत नसल्यामुळे मला ती मिळायचीही. दोन हंगाम! मग एका जानेवारीत स्वयंपाकघरात मीठदाणीचा बॉय केला, दोन काड्यापेट्यांच्या होड्या केल्या आणि नियमांचं पुस्तक शेजारी ठेवलं. नियम 18 बॉयजवळ जागा देतो खरा, पण वर चढताना एक पोर्टवर आणि एक स्टारबोर्डवर असलेल्या दोन होड्यांना तो लागूच होत नाही. तिथे साधा नियम 10 चालतो: पोर्टने स्टारबोर्डला वाट द्यायची. बरं, बॉयपासून तीन होडीलांबींच्या आत पोर्टवरून टॅक करून स्टारबोर्डवाल्याच्या पुढ्यात घुसायचं म्हटलं, तर पोटनियम 18.3 आड येतो. काड्यापेट्या सरकवत गेलं की हे डोळ्यांना दिसतं. पाण्यावर दिसत नाही, कारण तिथे पाच सेकंद मिळतात. ही नियमावली दर चार वर्षांनी बदलते. सध्याची 2025 ते 2028 ची, आणि तिच्यात प्रोटेस्टचा, म्हणजे शर्यतीतल्या तक्रारींचा, पाचवा भाग पुन्हा नव्याने मांडलाय. तो कोणती लाट शिकवणार?

त्याच टेबलावर कंपास आणि कोनमापक घेऊन आणखी एक गोष्ट होते. दीडशे मीटरची सुरुवातीची रेषा वाऱ्याला काटकोनात नसून 10 अंशांनी तिरकी असेल, तर एका टोकाला दुसऱ्यापेक्षा 26 मीटरचा फायदा असतो. लेझर साधारण 4.2 मीटर लांब, म्हणजे शिटी वाजायच्या आधीच सहा होड्यांची आघाडी. हा आकडा एकदा स्वतः काढला, की रेषेचं कुठलं टोक जवळ आहे हे पाहिल्याशिवाय पुढच्या शर्यतीला उभं राहवत नाही.

‘कॉम्प्युटरवरचं सेलिंग पोरखेळ.’ मग जागतिक सेलिंग संघटनेने 2018 मध्ये त्याची विश्वविजेता स्पर्धा कशाला सुरू केली? त्यातून तोल कळत नाही, पाण्याचा सपकारा बसत नाही, मान्य. पण गर्दीत कुठून घुसायचं, वारा फिरला की टॅक करायचा की थांबायचं, हे निर्णय एका संध्याकाळी वीसदा घेता येतात. तेवढ्यासाठी ठीक.

‘ताकद हवी तर जिमला जा.’ जावं, पण काय करायला ते ठाऊक असावं. होडी कलू नये म्हणून होडीबाहेर लटकणं म्हणजे वजन उचलणं नव्हे, धरून ठेवणं. मांड्या आवळून, न हलता, मिनिटामागून मिनिट. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे वाऱ्याचा वेग 10 नॉट्सचा 14 झाला की शिडावरचा दाब जवळपास दुप्पट होतो आणि मांड्या तिथेच हार मानतात. ट्रेडमिलचा इथे उपयोग थोडाच. भिंतीला पाठ टेकून हवेतल्या खुर्चीत बसणं फुकट असतं. गुडघे कुरकुरत असतील तर आधी फिजिओला विचारा.

‘खरे खेळाडू फ्लोरिडाला जातात.’ जातात की! माझी रजा दोन आठवड्यांची, आणि त्यात डिसेंबरात पुण्यात दोन लग्नं. पण या मुद्द्याला माझं उत्तर फ्लोरिडाचं नाहीच, रेवदंड्याचं आहे. आपल्याकडे थंडी होड्या बंद करत नाही, पावसाळा करतो. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत कोळीवाड्यात फेरी मारा. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, आणि ओसरीवर जाळी उसवून पुन्हा विणताहेत, लाकडाच्या भेगा बुजवताहेत, इंजिनं उघडलेली. नारळी पौर्णिमेनंतर जी होडी समुद्रात जाते ती या ओसरीवर तयार झालेली असते. पाण्यावर नाही म्हणून हे रिकामे बसलेत, असं तिथल्या एखाद्या तांडेलाला (होडीच्या म्होरक्याला) म्हणून तर पाहा.

‘होडी झाका.’ झाका, पण आधी डोलकाठीच्या खोबणीत पाणी भरून तासभर ठेवा. पातळी उतरली तर पाणी होडीच्या पोटात गळतंय. जोराच्या वाऱ्यात डोलकाठी खोबणीसकट बाहेर येण्यापेक्षा हे आता कळलेलं बरं.

आणि ‘मे महिन्यात भेटू.’ मेमध्ये ऑन्टारिओ सरोवर कसं असतं? वर ऊन, टी-शर्टात माणसं, आणि पाणी बर्फापासून फार लांब नाही. अशा पाण्यात पडल्यावर काय होतं ते कॅनडात एक-दहा-एक असं शिकवतात: श्वास ताब्यात यायला एक मिनिट, हातपाय नीट चालतात ती दहा मिनिटं, शुद्ध हरपायच्या आधीचा साधारण एक तास. सहा महिने दोर हातात न धरलेला माणूस पहिला टॅक याच पाण्यावर चुकतो. उलटलेली होडी पुन्हा सरळ करायचा सराव त्याने पोहण्याच्या तलावात केलेला नसतो, आणि ड्रायसूट (अंग कोरडं ठेवणारा पोशाख) थेट धक्क्यावरच पिशवीतून काढतो. मी माझा गेल्या फेब्रुवारीत काढला, मानेचं रबर जरा ताणून पाहिलं, तर बोटभर चीर निघाली.